सात नंबरची काच

मामांचा कोळशावर राग होता आणि तो काही उगाच नव्हता. ज्या माणसाने उभी हयात लोखंडाच्या भट्टीला कोक खाऊ घालण्यात घालवली, त्याला एके दिवशी सांगायचं की उद्यापासून कोक कमी आणि त्याच्या जागी कोळशाचं पीठ, म्हणजे गवंड्याला विटांऐवजी मातीच रचा म्हणण्यासारखं होतं.

"पण मामा, कोक म्हणजे तरी काय? भाजलेला कोळसाच ना?" असं कुणी नवशिक्याने विचारलं की मामा त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत. कोक हा कोळसाच, कबूल. पण बंद कोठीत भाजून त्यातला धूर, तेल, वायू, सगळी मस्ती काढून टाकलेला कोळसा. भट्टीत वरून खनिज, चुनखडी आणि कोक यांचे थर पडत. कोक जळून आच देई, खनिजातलं लोखंड मोकळं करी आणि आणखी एक काम करी, जे कुणाच्या ध्यानात येत नाही. आतलं सगळं वितळून ओघळत असताना कोकचे खडेच तेवढे टिकून राहत, वरचा सगळा भार तोलत, आणि त्यांच्या फटींतून खालचा वारा वर जाई. कच्चा कोळसा तसाच वरून टाकला तर तापल्याबरोबर त्याचा भुगा होणार, भुगा फटींत बसणार आणि भट्टीचा श्वास कोंडणार.

"जळायला काय, कागदही जळतो," मामा म्हणत. "भार कोण घेणार, तुझा बाप?"

पण कोक भाजायच्या कोठ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. निम्म्या बंद पडल्या, उरलेल्या डागडुजीवर चालल्या होत्या. बाहेरून येणारा कोक कधी येई, कधी येत नसे. मग साहेबलोकांनी ठरवलं की थोडा कोक भार तोलायला ठेवायचा आणि आच देण्याचं काम कोळशाकडे सोपवायचं. कोळसा दळून पिठासारखा करायचा, वाळवायचा आणि भट्टीच्या पायथ्याशी जिथून तापलेला वारा आत घुसतो, तिथूनच बारीक पाइपने आत फुंकायचा. आत शिरता शिरताच तो पेटतो. कागदावर सगळं झकास होतं.

आणि हे नवं काम ज्याच्या गळ्यात पडलं, तो नेमका मामांचा जावई.

इथे घरातलं थोडं सांगायला हवं. मामी गेल्यावर मामा एकटेच राहायचं म्हणत होते, पण लेक आली आणि एक शब्द न बोलता त्यांच्या कपड्यांची पेटी उचलून घेऊन गेली. तेव्हापासून मामा लेकीच्या घरी. कंपनीच्या चाळीतल्या दोन खोल्या, मागे न्हाणीघर, खिडकीतून भट्टीची चिमणी. पुढच्या खोलीतल्या पलंगावर मामा आणि नात, आतल्या खोलीत लेक आणि जावई. "लोकांकडे घरजावई असतो," मामा कामावर सांगत, "आमच्याकडे घरसासरा आहे." लोक हसत, मामाही हसत, पण घरात पाण्याचा तांब्यासुद्धा ते स्वतः उठून भरून घेत. जावयाच्या घरी राहायचं तर पाय पोटाशी घेऊनच राहायला हवं, असं त्यांचं मत होतं. दुसरीकडे जायला ठिकाणही नव्हतं.

जावई त्यांना मामा म्हणे, म्हणून हळूहळू सगळी भट्टीच मामा म्हणू लागली. मामा मात्र जावयाला अहो-जाहोशिवाय बोलत नसत. भट्टीवर ठिणग्या उडत असताना बाकीच्यांना ते आईबापावरून हाका मारत, आणि त्याच दमात, "जावईबापू, आपण जरा अलीकडे येता का?" पोरं हसून लोटपोट होत.

जावई होताही तसा. आवाज चढवणार नाही, मोठेपणा करणार नाही. घरी जेवताना मामांनी कोळशाला शिव्या घातल्या की तो ऐकून घेई आणि मग एवढंच म्हणे, "मामा, कोळशाचा स्वभाव वेगळा आहे. तो आधी घेतो, मग देतो."

मामांनी ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं. तिथेच घोडं पेंड खात होतं.

कोळसा पहिल्यांदा आत गेला त्या दिवशी भट्टी गार पडू लागली. आलेलं लोखंड मंद, लालसर, जडजड वाहत होतं. भट्टी गोठली तर तिचं थडगंच होतं. आतला दगड फोडायला सुरुंग लावावे लागतात. जावई दळणघरात अडकला होता. त्याची वाट न बघता मामांनी हुकूम सोडला, कोळसा बंद, वारा कमी, वरून जादा कोक. संध्याकाळपर्यंत भट्टी इतकी तापली की तिला आवरता आवरता सगळ्यांच्या नाकी नऊ आले, आणि पुढचे दोन दिवस लोखंडाचा एकही घाणा धड उतरला नाही.

झालं होतं ते साधंच. कोळसा आत गेला की आधी त्यातले वायू सुटतात, फुटतात, आणि त्याला आच लागते ती तो भट्टीकडूनच घेतो. देणं नंतर सुरू होतं, काही तासांनी. तेवढा धीर धरायचा असतो. मामांनी धीर धरला नाही आणि वर कोकही ओतला, म्हणजे दोन्ही आगी एकदम अंगावर आल्या.

मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. भट्टीचे फोरमन म्हणून मामा मान खाली घालून उभे. एवढ्यात जावई शांतपणे म्हणाला, "चूक माझी आहे, साहेब. हे असं होईल हे मी फोरमनला सांगायलाच विसरलो."

तो विसरला नव्हता. निदान दहादा तरी जेवताना सांगितलं होतं. बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "जाऊ द्या हो मामा, चहा घेऊ."

त्या दिवसापासून मामा बदलले. काल ज्या कोळशाच्या नावाने बोटं मोडली त्याचेच गोडवे गाऊ लागले. जावयाचे उपकार फेडायचे तर दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. कुणी म्हणालं, "मामा, कोळसा उगाळावा तितका काळाच," की मामा त्याच्यावर खेकसत, "उगाळायला सांगितलाय कुणी? फुंकायला सांगितलाय!" आणि खरंच, कोळसा चालला. महिना गेला, दुसरा गेला. लोखंड चांगलं येऊ लागलं. मामा तोंडावर पडले होते, हे मात्र पोरं विसरली नव्हती. मामा कुठे जरा थबकले की कुणीतरी विचारी, "काय मामा, करायचा का बंद?"

आता त्या काचेचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

भट्टीच्या पायथ्याशी चौफेर वाऱ्याच्या जाड नळ्या आत शिरतात. प्रत्येक नळीच्या मागच्या टोकाला निळ्या काचेची एक छोटी खिडकी असते, बशीपेक्षाही लहान. तिला डोळा लावला की थेट भट्टीच्या पोटात दिसतं, पांढरंफटक, लखलखीत. कोकच्या जमान्यात नियम सोपा होता: पांढरं दिसलं की पुढे चालायचं, काळं दिसलं की बोंब ठोकायची. काळं म्हणजे नळीच्या तोंडाशी न वितळलेला गोळा येऊन बसला, नाहीतर थंड करायचं पाणी आत गळतंय. दोन्ही वाईट.

कोळसा आल्यावर हा नियम उलटापालटा झाला. कारण कोळशाची धार नळीतूनच आत जाते आणि पांढऱ्या उजेडात ती काळीच दिसते. आता पांढरं दिसलं तर कोळसा तुंबला, आणि काळं दिसलं तर सगळं आलबेल. जावयाने सगळ्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "नुसतं काळं बघू नका. कोळशाची धार हलते, थरथरते, तिच्या कडेने उजेड दिसतो. काळं स्थिर असेल तर तो कोळसा नाही, नळीचं तोंड बुजलंय. मग कोळसा आत जाणार नाही, नळीतच साठेल, तिथेच पेटेल आणि नळी आतून जळत येईल. तेव्हा एक लांब श्वास घेऊन सोडेपर्यंत काचेवरून डोळा काढायचा नाही." मामांनी हे तोंडपाठ केलं होतं. नव्या माणसाला शिकवताना ते त्याची मान धरून ठेवत.

त्या दुपारी कोळसा आणखी वाढवला होता. कोक पुन्हा कमी आला होता आणि वरून हुकूम होता, फुंका. मामा फेरीला निघाले. एक झाली, दोन झाली, करत सात नंबरपाशी आले. डोळा लावला. काळं होतं.

श्वास अजून पुरता आतही घेतला नव्हता, तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "मामा, एवढं काय बघताय? सून आणायचीय का? की करायचा कोळसा बंद?" चारपाच जण खदाखदा हसले. मामांनी झटक्यात डोळा काढला. "गप रे," म्हणाले, आणि आठ नंबरकडे गेले.

आठ नंबरला काळं हलत होतं. नऊलाही. सात नंबरला हलत होतं का? मामांना वाटलं, हलत असावं. परत जाऊन बघावं असंही वाटलं. पण परत गेले तर पोरं पुन्हा दात काढणार. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मामांनी एकदा फुंकलं होतं तर गावभर हसं झालं होतं. ते पुढे चालत राहिले.

थोड्या वेळाने जावई दळणघराकडून घाईघाईने आला. सात नंबरचा कोळसा मंदावलाय असं त्याच्याकडच्या काट्यावर दिसत होतं. याची कारणं दोनच. एकतर कोळशाचा बारीक पाइप थोडा तुंबला, म्हणजे धार बारीक, पण हलती. तसं असेल तर माणसाने जवळ जाऊन हाताने झडप उघडझाप केली की मोकळा होतो, रोजचंच काम. नाहीतर वाऱ्याची जाड नळीच तोंडाशी बुजली. तसं असेल तर लांबूनच कोळसा तोडायचा, माणसं हटवायची आणि नळीजवळ कुणी फिरकायचंदेखील नाही.

वाऱ्याचा घोंघाट इतका होता की कानाशी ओरडावं लागे. जावयाने ओरडून विचारलं, "मामा, सातमध्ये हलतंय ना?"

सगळे बघत होते. ज्याने टर उडवली होती तोही बघत होता.

"हलतंय!" मामा ओरडले. "आत्ताच बघितलं मी."

स्वतः काचेला डोळा लावायला जावयाला किती वेळ लागला असता? काचही तिथेच होती, हाताच्या अंतरावर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने लावलाही असता. पण चारचौघांत सासऱ्याच्या शब्दाची खातरजमा करायची, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. आधीच एकदा त्यांची मान खाली गेलेली त्याने पाहिली होती. त्याने मान डोलावली, हातमोजे चढवले आणि नळीच्या कुशीला जाऊन झडपेवर वाकला.

नळी बाजूने फुटली. आधी एक लाल ठिपका दिसला, म्हणतात. मामांना तो दिसला नाही. मोठा आवाज झाला आणि वारा, आग, जळता कोळसा सगळं एकाच दिशेला सुटलं, आणि त्याच दिशेला जावई होता. कुणीतरी वारा तोडला. मामा धावले तेव्हा दोघातिघांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं. ते शिव्या देत होते, कुणाला ते त्यांनाही कळत नव्हतं.

इस्पितळात घरच्यांपैकी आत फक्त लेकीला सोडलं. मामा बाहेर बाकावर. दुसऱ्या दिवशी जावई शुद्धीवर आला, थोडं बोलला. लेक बाहेर आली ती सरळ मामांच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, त्यांनी सांगितलं मला सगळं."

मामा तिच्याकडे बघू लागले.

"तुम्ही नको म्हणत होतात ना? थांबा म्हणत होतात. आणि हे ऐकले नाहीत. स्वतः म्हणाले ते, मामांनी अडवलं होतं, मीच हट्टाने गेलो. साहेबांनाही तेच सांगितलं त्यांनी." तिचा आवाज चिरकला. "कधी नव्हे तो हट्ट नेमका इथेच करायचा होता?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मामांना ते कळत होतं. पण लेकीचे हात गरम होते आणि तिला दुसरं कुणी नव्हतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्यांनाच दुसरं कुणी नव्हतं. ते घाबरले. गप्प बसले. त्याला दुसरं नाव नाही.

जावई त्याच आठवड्यात गेला.

कंपनीची चौकशी लवकर आटोपली. वाऱ्याच्या घोंघाटात सासऱ्या-जावयाचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नव्हतं, आणि मरणाऱ्याने स्वतःच आपली चूक सांगितली म्हटल्यावर विचारायचं काय उरलं? भट्टी थोडे दिवस कोकवर चालली, मग नवी नळी बसली आणि कोळसा पुन्हा सुरू झाला. सात नंबरला आता दुसरा माणूस डोळा लावी. पोरांनी मामांची थट्टा करायचं सोडून दिलं. उलट म्हणत, "मामांचं ऐकलं असतं तर." प्रत्येक वेळी मामांना वाटे, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारतंय. ते फेरी सोडून वर कोकच्या ढिगाकडे जाऊन बसत.

घरात लेक रडली नाही. नातेवाईक आले, गेले, तिला कवटाळून रडले. ती कोरडीच राहिली. तिला राग आला होता आणि तो ओसरत नव्हता. भांडी आपटता आपटता ती बोले, "एवढं शहाणं माणूस. दुसऱ्याला दहादा सांगणार, आणि स्वतः? मोठ्या माणसाने हात धरून थांबवलं तरी नाही. बायको आहे, पोर आहे, कशाचा विचार नाही." जावयाचे कपडे तिने एका दुपारी गोळा करून माळ्यावर टाकले, घडीसुद्धा न करता. त्याचा फोटो लावायचं कुणी काढलं तर म्हणे, बघू नंतर.

आणि मामांचं मात्र ती आता उठून करू लागली. पाण्याचा तांब्या हातात आणून देई. आंघोळीला पाणी काढून ठेवी. आतली खोली तिने त्यांना दिली, "तुम्हाला झोप नाही लागत पुढे," म्हणून. जावयाच्या उशीवर डोकं ठेवून मामा छताकडे बघत पडत. इतकी बडदास्त मामी होती तेव्हाही झाली नव्हती. एकेका घासाबरोबर मामांना वाटे, हे आपण चोरून खातोय.

एका सकाळी लेक ओट्यापाशी दूध तापवत होती. नात खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा डबा ओढायला बघत होती. आईने दोनदा सांगितलं, उतर. ती उतरेना. तेव्हा लेकीने तिला काखेत धरून खाली ठेवलं आणि तिच्यासमोर बसून म्हणाली, "मोठी माणसं सांगतात ते ऐकायचं असतं. पप्पांनी आजोबांचं ऐकलं नाही. मग काय झालं? सांग, काय झालं?"

नात आजोबांकडे बघू लागली. पाच वर्षांची पोर, खालचा ओठ बाहेर आलेला.

"असं नको सांगूस तिला," मामा म्हणाले.

"का नको? खोटं आहे का? तिलाही कळू दे. बापासारखी हट्टी नको व्हायला."

"खोटं आहे."

लेकीने वर बघितलं.

"त्यांनी ऐकलं होतं," मामा म्हणाले. "मी अडवलं नाही त्यांना. त्यांनी मला विचारलं, मामा, आत हलतंय ना? मी हलतंय म्हटलं. मी नीट बघितलंच नव्हतं. पोरं हसली म्हणून डोळा काढला. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. माझं ऐकलं म्हणूनच गेले ते."

दूध उतू गेलं. लेकीने हात मागे वर नेऊन, न बघताच गॅस बंद केला. नातीला म्हणाली, "जा, बाहेर खेळ." नात गेली.

"मग मला तसं का सांगितलं त्यांनी?"

"माझ्यासाठी. मला या घरात राहायचं होतं ना, म्हणून."

ती जमिनीवरच बसून राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला, गेला, काहीच ठरेना. मग अगदी हळू आवाजात, जणू स्वतःलाच विचारत असल्यासारखी ती म्हणाली, "आणि मी एवढे दिवस त्यांच्यावर चिडून होते? शेवटच्या दिवशीसुद्धा धड बोलले नाही. तोंड फिरवून बसले होते त्यांच्या खाटेपाशी. मी त्यांच्यासाठी रडलेसुद्धा नाही, बाबा."

आणि ती रडू लागली, तोंडात पदर कोंबून, सगळं अंग हलवून. मामा गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले आणि त्यांनी तिच्या पाठीवर ठेवायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.